गाडीची ओटी

"जवाईबापू, त्या दिवशी जीप बंद ठेवा," मामाजी म्हणाले, अन् माझ्याच जीपच्या बॉनेटवर त्यांनी चहाचा कप ठेवला.

मामाजी म्हणजे माझे सासरे, उकंडराव गावंडे. बेलखेडचे शिंपी. मी हिवरजच्या स्टँडवर काळी-पिवळी चालवत होतो. हिवरज ते सावळी, मधात बेलखेड. याच रस्त्याच्या बाजूबाजूनं लहान गाडीची, म्हणजे नॅरोगेज रेल्वेची, लाइन गेलेली. ती गाडी बंद पडली अन् आमच्या जीपा चालू झाल्या, इतकी साधी गोष्ट. अन् ती गाडी परत चालू करा म्हणून जी समिती होती, तिचा अध्यक्ष माझाच सासरा. स्टँडवरचे ड्रायव्हर मले उठता-बसता चिडवत. म्हणत, यानं तुले पोरगी देली अन् आता भाकर काढून घेते.

मी विचारलं, काहून बंद ठेवू?

तर म्हणे, वरून साहेब येऊन राह्यला. एक इंजन, दोन डब्बे. सावळीहून हिवरज अन् वापस. गाडी चालवण्यात काही अर्थ आहे का नाही, ते साहेब बसून पाहणार. त्या दिवशी जीपा चालल्या तर अर्धे लोक जीपनं जातील अन् डब्बे रिकामे दिसतील.

"एक दिवसाचा धंदा बुडन तुमचा," मामाजी म्हणाले.

"अन् गाडी पास झाली तर रोजचाच बुडन."

"तेही हाय," म्हणाले, अन् शांतपणे चहा पेले. असा माणूस. खोटं बोलून गोड लावणं त्यायले कधी जमलं नाही.

मी हो म्हटलं. ते त्यायच्यासाठी नाही, मामीजीसाठी. माझ्या सासूबाईचं नाव गोकर्णाबाई. त्यायले मोटर लागे. लोकायले लागते तशी नाही. एस.टी. फाट्यावरून वळली का बाई पांढरीफटक पडे. लिंबू चोखून झालं, सुंठ झाली, पोटावर पेपर बांधून झाला. एकदा मीच म्हटलं, माझ्या जीपमधे पुढच्या सीटवर बसा, बैलगाडीसारखी हळू नेतो. घाट लागायच्या आधीच त्या माझ्या खांद्यावर पडल्या. हात गार. बाभळीखाली निजवलं, कोणाची तरी बैलगाडी बोलावून वापस घरी नेलं. डॉक्टर मले म्हणाला, हृदय कमजोर आहे, परत असा शहाणपणा करू नका.

पण रेल्वेनं त्यायले काहीच होत नसे. सारं आयुष्य माहेरी त्या याच गाडीनं गेल्या, खिडकीत बसून चिवडा खात. आमचं लग्न जमलं ते गाडी बंद पडल्यावर. लग्न लागलं बेलखेडले. मंग पोरगी, म्हणजे माझी बायको कांता, हिवरजले आली अन् आईनं काही तिचं घर पाह्यलं नाही. कांता जाई तिकडे, लेकरं घेऊन. दोन्ही बाळंतपणं तिथंच झाली. पण आईचं इकडं येणं नाही. बैलगाडीनं आणावं तर मधात घाट, अन् इतक्या दूर आता बैल कोण जुंपते.

तर त्या गाडीत मामीजी येणार होत्या. गाडी हिवरजले दोन घंटे थांबणार होती. तेवढ्यात लेकीचं घर पाहाचं, घास खायचा अन् त्याच गाडीनं वापस. कांतानं सगळे डब्बे घासले, पडदे धुतले, दाराले तेलपाणी केलं. मले म्हणे, तुम्ही आदल्या दिवशीच बेलखेडले जा अन् आईले सोबत घेऊन या.

स्टँडवरच्या लोकायले मी समजावलं. त्यायले फार समजवावं नाही लागलं. आमचा सीनियर ड्रायव्हर होता हनीफभाई. तो म्हणे, बंद ठेवा रे, साहेबाले बसू द्या एकदा गाडीत, त्याचं त्यालेच समजन.

मामाजींनी मातर तयारी जबरदस्त केली. लाइनवरच्या गावोगावी सायकलनं गेले, पारावर बैठका घेतल्या. सांगितलं, नारळ फोडू नका, हार आणू नका, बँड लावू नका. गाडी आली का चढायचं अन् निघायचं. साहेब घड्याळ पाहणार आहे. त्या लाइनवर फाटकवाले उरले नव्हते. फाटक आलं का गाडी थांबे, गार्ड खाली उतरून फाटक लावे, गाडी पलीकडे जाई, मंग तो फाटक उघडून पळत येऊन डब्ब्यात चढे. असे कितीतरी फाटक. त्यातच वेळ जाणार. अन् गाडीले परवानगी होती फक्त उजेडाची. दिवस बुडायच्या आत वापस सावळी गाठायची. थंडीचे दिवस, दिवस लहान. म्हणून मामाजी एकेकाले हात जोडून सांगत होते. सगळ्यायनं माना डोलावल्या.

गाडी बेलखेडले आली तेव्हा वेळेवर होती. मी मामीजीले घेऊन फलाटावर उभा. हिरवं नऊवारी, काखेत गाठोडं, गाठोड्यात नातवायसाठी लाडू. त्यायचे गुडघे गेलेले, तरी त्या सकाळपासून बसल्या नव्हत्या.

आम्ही डब्ब्यात चढलो, अन् गाडी काही हलेना.

खाली उतरून पाहतो तर इंजनासमोर रुळावर बाया. हातात ताटं. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदी-कुंकू. मामाजी धोतराचा सोगा धरून पळत गेले. विचारलं, हे काय लावलं?

पुढं होती पाटलाची थोरली सून, अनुसया. ती म्हणे, ओटी भराची हाय गाडीची.

"नारळ नाही म्हणून सांगितलं होतं ना मी."

"कोणाले सांगितलं? तुमी पारावर सांगितलं, भाऊजी. आमी कधी बसलो पारावर?"

खरंच होतं. बैठका माणसायच्या झाल्या होत्या. अन् माणसायनं घरी जाऊन बायकोले काही सांगितलं नव्हतं. त्यायले वाटलं, नारळ फोडू नका म्हणजे आपण फोडायचा नाही. बायायचं बायायजवळ.

अनुसयाचं म्हणणं असं का, ही गाडी आपल्या आजीच्या काळापासून गावात येत होती. मधात तुटली. आज इतक्या वर्सानं आली. माहेरी आलेली लेक कोणी रिकाम्या ओटीनं वाटेले लावते का? याच्यावर कोण काय बोलणार. बायायनं इंजनाच्या पुढच्या लोखंडाले खण बांधला, खाली सुपात तांदूळ-नारळ ठेवला, एकेकीनं येऊन हळदी-कुंकू लावलं. ड्रायव्हर खाली उतरून टोपी काढून उभा राह्यला. त्यालेही टिळा लावला. मंग एकीच्या लक्षात आलं का विडा राह्यला. विडा आणाले एक पोट्टी गावात पळाली.

साहेब खिडकीतून पाहत होता. त्याचं नाव साळगावकर. चष्मा, साधा शर्ट, मांडीवर पाण्याची बाटली. माणूस वाईट नव्हता. कोणी भुईमुगाच्या शेंगा देल्या तर सोलून खात होता. त्यानं फक्त घड्याळ पाह्यलं.

गाडी सुटली. पण तेव्हा गावागावात फोन आले होते. बेलखेडवाल्यायनं ओटी भरली, ही खबर गाडीच्या पुढे पोचली. पुढचं स्टेशन खैरटेक. तिथल्या बाया तर नुसतं गाडीले टाटा कराले आल्या होत्या. पण बेलखेडनं भरली म्हणल्यावर खैरटेकनं कशी रिकामी जाऊ द्याची? घरोघरी जाऊन सामान जमवेपर्यंत गाडी उभी. त्याच्या पुढच्या गावानं खण कमी पडेल म्हणून अख्खं लुगडं आणलं. ते इंजनाले नेसवायचं का नुसतं ठेवायचं, याच्यावर तिथं वाद झाला.

खैरटेकलेच मामीजींनी खिडकीतून मान काढून सांगून पाह्यलं. बायाहो, मी लेकीकडे जाऊन राह्यली, पह्यल्यांदा जाऊन राह्यली, गाडी सोडा वं. त्याचा परिणाम असा झाला का बायायनं मामीजीलेही खाली उतरवलं अन् त्यायचीही ओटी भरली. परत डब्ब्यात चढताना मी हात देला, तर त्या उन्हाकडेच पाहत होत्या.

मधल्या काळात साहेबानं डब्ब्यात चौकशी सुरू केली. एकाले विचारलं, गाडी चालू झाली तर रोज जाल काय? तो म्हणे, रोज कायले साहेब, माझ्याकडे फटफटी हाय. दुसऱ्याले विचारलं, कापूस गाडीनं पाठवाल? म्हणे, कापूस ट्रकनं जाते, वावरातून उचलते अन् जिनिंगमधे टाकते, तो स्टेशनवर कोण आणन? एक पोरगा कॉलेजचा होता. त्याचं कॉलेज सकाळचं, गाडी दुपारची.

"मग गाडी हवी कशाला?" साहेबानं विचारलं.

मंग फटफटीवाला म्हणाला, "पाहिजे ना साहेब. गाडी पाहिजेच."

साहेब हसला. मले विचारलं, तुम्ही काय करता? मी सांगितलं, जीप चालवतो, याच रस्त्यावर. मामाजी समोरच बसले होते. साहेब म्हणे, मग तुम्हीच सांगा, या गाडीत अर्थ आहे का? मी मामाजीकडे पाह्यलं. ते बाहेर पाहत होते. मी म्हटलं, साहेब, रोज चालवली तर रिकामी पळन. जीप दारापुढून उचलते, दारापुढं सोडते. पण बाजाराच्या दिवशी अन् लग्नाच्या दिवसात आमच्या जीपमधे माणसं कोंबावी लागतात. म्हाताऱ्यायले टपावर बसवता येत नाही. त्या दिवशी गाडी असली तर भरन.

साहेब विचार करत राह्यला. मंग मामाजीले म्हणाला, "उकंडराव, रोजच्या गाडीचं विसरा. पण हे जावई म्हणतात तसं आठवड्यातून एक फेरी, बाजाराच्या दिवशी, एवढं मी लिहू शकतो. तेवढं माझ्या हातात आहे. फक्त गाडी उजेडात सावळीला परत गेली पाहिजे. अंधार झाला तर मला तेही लिहिता येणार नाही."

मामाजी म्हणाले, "बरोबर हाय साहेब."

मी मामीजीकडे पाह्यलं. आठवड्यातून एक. त्या बाईले आणखी काय पाहिजे होतं?

हिवरज आलं तेव्हा ते दोन घंटे रस्त्यातच खपले होते. फलाटावर समितीनं लहानसा मंडप घातला होता, माइक होता. कांता पोरायले घेऊन उभी. आईले पाहून ती रडलीबिडली नाही, गाठोडं हातातून घेतलं अन् म्हणे चाल. तेवढ्यात साहेबानं जाहीर केलं, इंजन फिरवून दुसऱ्या बाजूले लागलं का गाडी निघणार. आता दोन घंटे नाही. कोणीही दूर जाऊ नये. दोन शब्द बोलायचे असतील तर बोलून घ्या.

आमचं घर टेकडीवरच्या नव्या वस्तीत. स्टेशनवरून निघाचं, बाजार ओलांडाचा, मंग चढ. जीप लावावी तर मामीजीले चालणार नाही, अन् त्या गुडघ्यानं चढ चढायचा म्हणजे इंजन फिरवायच्या वेळात होणारं ते काम नव्हतं. मले वाईट वाटलं, पण मनात म्हटलं, चला, पुढच्या बाजाराले. साहेब चांगला आहे, लिहीन. साहेबाले चहा पाजाले मी घेऊन गेलो.

वापस आलो तर मामाजी माइकवर.

सुरुवात त्यांनी केली इंग्रजापासून. लाइन कोणी टाकली, रूळ कुठून आले, त्यायच्या आजानं पह्यलं इंजन पाहून काय केलं. लोक हसले. मंग बेलखेडले आजवर कोण कोण स्टेशन मास्तर झाले, त्यायची नावं घेतली. कोणाची बायको भजे चांगले करे, तेही सांगितलं. मंग कापूस, मंग संत्रा. मी साहेबाकडे पाह्यलं. तो घड्याळ पाहत होता. इंजन दुसऱ्या बाजूले लागलं होतं, ड्रायव्हर खिडकीत येऊन बसला होता. मी मंडपामागून जाऊन मामाजीच्या कोटाले झटका देला. त्यांनी माझा हात बाजूले सारला अन् आभार सुरू केले. लाइनवरच्या एकेका गावाचे आभार, एकेका माणसाचं नाव घेऊन.

साहेब उठला. म्हणे, आता बस, निघू.

तर मामाजी माइकमधून म्हणाले, का ज्यायनं ही गाडी इथवर आणली ते आपले ड्रायव्हरसाहेब अन् गार्डसाहेब यायचा सत्कार केल्याशिवाय हिवरजची इज्जत राहणार नाही. लोकायनं टाळ्या वाजवल्या. दोघंही इंजन अन् डब्बा सोडून लाजत-लाजत मंडपात आले. आता ड्रायव्हरच मंडपात म्हटल्यावर गाडी जाणार कुठं? हार नव्हता, मामाजीनंच हार आणू नका सांगितलं होतं. मंग एकाले पाठवलं बाजारात, हार आणाले. तो येईपर्यंत मामाजींनी गार्डाच्या कामावर भाषण केलं, फाटक कसं लावते, कसं उघडते.

साहेब माझ्या कानाशी आला. म्हणे, "तुमच्या सासऱ्यांना गाडी नको आहे का?"

मले खरंच वाटलं का म्हाताऱ्याले माइक चढला. जिंदगीभर अर्ज केले, निवेदनं देली, अन् आता हातात आलेली गोष्ट तोंडानं घालवून राह्यला. ऊन मंडपाच्या खांबावरून उतरून खाली गेलं होतं. मी परत त्यायले खूण कराले गेलो, अन् तेव्हा माझ्या लक्षात आलं का मामाजी लोकायकडे पाहत नाहीत. साहेबाकडेही नाही. आमच्या सगळ्यायच्या डोक्यावरून ते तिकीटघराच्या बाजूच्या रस्त्याकडे पाहून राह्यले.

फलाटावर कांता नव्हती. पोरं नव्हती. मामीजी नव्हत्या.

मी बाजूले जाऊन खांबाले टेकून उभा राह्यलो. हार आले. ते गळ्यात पडले. मामाजींनी मंग ड्रायव्हरच्या आईवडिलांची चौकशी केली, माइकमधून. लोक उठून जाऊ लागले. मामाजींचा घसा बसला होता. ते रस्त्यांच्या डांबरीकरणावर बोलत होते, ज्याचा गाडीशी काही संबंध नव्हता.

मंग रस्त्यावर हिरवं नऊवारी दिसलं. मामीजी कांताच्या खांद्यावर हात ठेवून, एक पाय ओढत, येत होत्या. मामाजी एका वाक्याच्या मधात होते. ते वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. म्हणाले, जय हिंद, अन् माइक खाली ठेवला.

कांतानं मंग सांगितलं. मामीजी आधी म्हणाल्या होत्या, राहू दे वं, पुढच्या बाजाराले येईन मी. तेव्हा मामाजी त्यायच्या जवळ गेले अन् म्हणाले, "तू आजच जा. सावकाश जा. गाडी जात नाही तुले सोडून."

गाडीत बसवताना मी खिडकीशी गेलो. साहेब दुसऱ्या टोकाले डोळे मिटून बसला होता. मी हळूच म्हटलं, मामाजी, साहेब तर लिहितो म्हणे. मामाजी म्हणाले, "लिहीन बिचारा. असे चांगले साहेब मी याच्या आधीही पाह्यले. अन् तिचे गुडघे पुढच्या बाजारापर्यंत थांबतात का काय, कोणाले मालूम." मंग मामीजीकडे वळले.

"पाह्यलं घर?"

"पाह्यलं," मामीजी म्हणाल्या. पदरानं तोंड पुसलं. "साजरं हाय. सैपाकघर मोठं हाय. पण मोरीत उजेड नाही, रांजणही दिसत नाही. दिवसा अंधार."

मामाजींनी मान हलवली. मले म्हणाले, "जवाईबापू, मोरीले खिडकी काढा."

गार्डानं झेंडी दाखवली अन् गाडी गेली. शेवटचे फाटक अंधारातच लावावे लागले, असं मंग ऐकलं. साहेबानं काय लिहिलं ते आम्हाले कोणी दाखवलं नाही, पण गाडी काही आली नाही. स्टँडवर हनीफभाईनं सगळ्यायले जिलबी खाऊ घातली. मले दोनदा वाढली. मी खाल्ली.

मोरीची भिंत मी महिनाभरात फोडली. मिस्त्री बोलावला, जाळी बसवली. त्यानंतर सावळीच्या फेरीवर होतो तर बेलखेडच्या फाट्यावर मामाजी उभे. मशीनवरून उठून आले होते, गळ्यात टेप. मले वाटलं, साहेबाच्या कागदाचं विचारतील. तर म्हणाले, "खिडकी काढली का?"

म्हटलं, काढली.

त्यायचं घर फाट्यालेच लागून. त्यांनी वळून घरात आवाज देला, खिडकी काढली म्हणे.

आतून मामीजी म्हणाल्या, "कोण्या बाजूनं?"

"उगवतीनं," मी सांगितलं.

जीपमधली माणसं चला-चला करत होती. मंग मामीजींचा आवाज आला.

"म्हणजे मंग ऊन पार रांजणापर्यंत येत असन."

"येते," मी म्हटलं, अन् गिअर टाकला.